खालची पाळी

चुकून की मुद्दाम, एवढंच शर्मिलाला विचारायचं होतं. पण ज्याला विचारायचं तो माणूस थंडीतच गेला.

कचरू ओव्हाळ म्हणजे तिचे सासरे. खडकीच्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला, आणि खराडीच्या नदीकाठच्या वस्तीत व्हॉलीबॉल पहिल्यांदा आणला तो त्यांनीच. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. लहानथोर सगळे वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखालची पोरं पोलिसांत लागली, रेल्वेत लागली, लष्करात गेली. जिथं गेली तिथं चांगली खेळली. पण सुट्टीत गावी आली की त्या सगळ्यांना एक खोड परत लागायची, जी दुसऱ्या कुठल्या गावच्या खेळाडूला नव्हती.

सर्व्हिस एका बाजूकडून दुसरीकडे गेली की संघातल्या संघात जागा बदलायच्या, हे शर्मिलानं कॉलेजात पाहिलं होतं. इथं तेवढ्यावर भागत नसे. इकडचा एक गडी वाकून जाळीखालून तिकडं जाई, तिकडचा एक इकडं येई, आणि खेळ पुढं चालू. ह्याला खालची पाळी म्हणत. पाळी हा कारखान्यातला शब्द. पहिली पाळी, दुसरी पाळी, तसा. लग्न होऊन ती आली त्याच आठवड्यात एक मिशाळ बाप्या भर मैदानात "आता कुणाची पाळी हाय रं?" असं गरजला, तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"मग जिंकतं कोण?" तिनं तेव्हा नवऱ्याला विचारलं होतं.

"बाजू जिंकते," प्रज्ञेश म्हणाला.

"पण तासाभरानं त्या बाजूला निम्मी माणसं समोरची असतात."

"मग काय झालं? चहा सगळ्यांनाच असतो."

शर्मिला कात्रजच्या डेअरीत दूध तपासायच्या कामाला होती. कॅनमधून नमुना काढायच्या आधी दूध खालीवर ढवळायचं, नाहीतर साय वर राहते आणि खालचं पाणचट दूध बाटलीत येतं, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. खालची पाळी बघताना तिला तो कॅन आठवायचा. कुणीतरी हे विचार करून घातलेलं आहे असं वाटायचं. आणि लगेच वाटायचं, नसेलही. नियमच चुकीचा कळला असेल.

सासऱ्यांना विचारायचं तिनं दोनदा मनात आणलं. दोन्ही वेळा ते मैदानावर दगडी रूळ ओढत होते. घामानं भिजलेल्या माणसाला, तुमचं चुकलं होतं का, असं कसं विचारायचं?

आता मैदानच जायला निघालं होतं. जागा हिंमतराव पाटलांची. चाळीस वर्षं नुसत्या शब्दावर दिलेली. आयटी पार्क आलं, रस्ता रुंद झाला, आणि हिंमतरावांच्या मुलांनी ती एका बिल्डरला दिली. भिंतीचं काम तीन बाजूंनी झालं होतं. बुद्धपौर्णिमेचे सामने होऊ द्या, मग चौथी बाजू घ्या, असं हिंमतराव मुलांना म्हणाले, आणि तेवढं मात्र मुलांनी ऐकलं.

खेळणारी पोरं सासूबाईंकडे, कौशल्याबाईंकडे आली होती. वस्तादांनी रिटायर झाल्यावर घराच्या मागची पट्टी घेतली होती. लांबीला बरी, रुंदीला जेमतेम. तिथं मैदान करू द्या, म्हणाली.

"तिथं खोल्या व्हायच्यात," कौशल्याबाई म्हणाल्या.

"पण वस्तादांचं नाव..."

"नाव काय पावसात भिजतंय व्हय? आमी भिजतो."

ते खरं होतं. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मधोमध पडदा. पडद्याच्या अलीकडे कौशल्याबाई, पलीकडे शर्मिला आणि प्रज्ञेश. सासूबाई कूस बदलायच्या तेव्हा पडदा हलायचा. प्रज्ञेश आयटी पार्कात कंत्राटावर केबल ओढायच्या कामाला होता; भिंतीतून, छतातून, जमिनीखालून. तिथल्या नोकरदार पोरांना राहायला खोल्या हव्या होत्या. मागच्या पट्टीवर चार काढल्या तर तीन भाड्यानं देता येणार होत्या आणि चौथी ह्या दोघांची. तिला दार असणार होतं. वारज्याला माहेरी शर्मिला दार लावून अभ्यास करायची. त्या दाराच्या कडीचा आवाज अजून तिच्या कानात होता. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गवंडी पाया आखायला येणार, असं ठरलं होतं.

वैशाखातलं ऊन. सामन्यांच्या आधी मैदान करायचं म्हणजे मुरूम उकरायचा, खडे वेचायचे, पाणी मारायचं, आणि ओल बसली की रूळ फिरवायचा. हे काम ओव्हाळांच्या घरचं. यंदा करायला प्रज्ञेश, शर्मिला आणि कौशल्याबाई. तिघांनी खडे वेचले. उन्हानं तापलेला मुरूम नखांत जायचा आणि रात्री भाकरी मोडताना ठणकायचा.

पाण्याची मात्र पंचाईत होती. वस्तीत टँकर एक दिवसाआड. भिंतीच्या कामावर मात्र टँकर रोज यायचा. शर्मिला दोन बादल्या घेऊन तिथल्या सुपरवायजरकडे गेली.

"दोन ड्रम पाणी मिळेल का? मैदानावर मारायचंय."

सुपरवायजरनं तिच्याकडे पाहिलं, बादल्यांकडे पाहिलं. "मॅडम, मातीला पाणी पाजणार?"

"तुम्ही विटांना पाजताच की."

"विटा साहेबांच्या आहेत." तो पाइप दुसरीकडे वळवून हसला. त्याच्या मागचे दोन मजूर हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली. रिकाम्या बादल्या घेऊन परत येताना त्यांच्या कड्या वाजत होत्या, आणि तो आवाज बंद करावा म्हणून शर्मिलानं त्या छातीशी धरल्या.

शेवटी घरच्या पाण्यातलंच मारलं. त्या दिवशी कपडे धुतले नाहीत. प्रज्ञेशनं झारीनं पाणी शिंपडलं, कौशल्याबाईंनी केरसुणीनं ते सारखं केलं. मग नवरा-बायको दगडी रुळाला जुंपले. दांडा पोटाला लागत होता.

"प्रज्ञेश, तुला काय वाटतं? तुझ्या बाबांना नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता. आम्हाला बाहेर खेळायला नेताना बरोबरच शिकवायचे."

"मग इथं का चुकीचा?"

"तू रूळ ओढ ना. मध्येच थांबली की माझ्या एकट्यावर येतो."

ती ओढत राहिली. दोन फेऱ्या झाल्यावर तो आपणहून म्हणाला, "मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, आईला विचार. मला वाटलं, चिडलेत."

"मग आईंना विचारलंस?"

"आईला व्हॉलीबॉलचं काय माहीत?"

शर्मिला हिंमतरावांकडे गेली ती मैदानाचे खांब सामन्यानंतर कुठं ठेवायचे हे विचारायच्या निमित्तानं. नवा बंगला. फाटकाशी कुत्रं. हिंमतराव व्हरांड्यात बसले होते, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून.

"वस्तादाची सून ना तू? बस. ही गुडघी बघ. ही त्याचीच देणगी. डाक्टर म्हणतो, पाटील, एवढ्या उड्या कशाला मारल्या? म्हणलं, मारायला लावल्या."

शर्मिलानं खांबांचं विचारलं, आणि मग खरं ते विचारलं. हिंमतराव खूश झाले. म्हाताऱ्याला अलीकडे कुणी काही विचारत नसावं.

"चूक हुती ती. सपशेल चूक. कारखान्यात मिलटरीचा एक हवालदार हुता, केरळाकडचा. त्यानं शिकवलं कचरूला. त्याची हिंदी अशी, कचरूची तशी. एक डाव संपला की दोन्ही संघांनी अंगणं बदलायची, असा नेम. आन सर्व्हिस पालटली की आपल्या आपल्यात फिरायचं, हा दुसरा. हवालदार दोन्हीला 'चेंज' म्हणायचा. कचरूनं दोन्हीची खिचडी केली."

"आणि तुम्हाला कुणाला कळलं नाही?"

"कोण सांगणार? शहरात गेलो तवा कळलं. पुण्यात सामने हुते. आमी गावातले टोपीवाले चार आन वस्तीतले दोन. सर्व्हिस पालटली, माझी पाळी. मी आपला वाकून जाळीखालनं पलीकडं जाऊन हुबा राहिलो." हिंमतराव हसता हसता खोकले. "तिकडचा एक चष्मेवाला मला म्हणतो, 'काय हो, आमचं काही चुकलं का? आपण इकडे कसे?' सगळं मैदान फिदीफिदी. पंचानं शिट्टी फुकून फुकून गाल फुगवले. येताना सायकलीवर कुणी कुणाशी बोललं न्हाई. कचरू सगळ्यात मागं."

"मग त्यानंतरही पाळी बंद का नाही झाली?"

"तेच तर. आमी सांगितलं त्याला, बाबा, आता नेम कळला, आता सरळ खेळू. आमचे सहा हिकडं, तुमचे सहा तिकडं. दोन-तीन दिस तसं खेळलो बी. मग एक दिवस आला आन म्हणाला, बाहेर बाहेरचा नेम, हितं हितला. ज्याला नको त्यानं येऊ नये. हट्ट! चूक कबूल करायची न्हाई म्हणून हट्ट. दुसरं काय?"

हिंमतरावांची सून चहा घेऊन आली. सासऱ्यांना कपबशी, शर्मिलाला प्लॅस्टिकच्या पेल्यात. पेला पातळ होता, बोटांना चटका बसत होता. भिंतीच्या कामावरच्या मजुरांना दिवसभर चहा जायचा, म्हणून ते पेले हाताशी असतील. किंवा तसं नसेलही. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तिला प्रयोगशाळेनं शिकवलं होतं. तिनं चहा संपवला आणि पेला टाकायला जागा शोधू लागली. जागा दिसेना. तो हातातच घेऊन ती फाटकाबाहेर आली.

हट्ट. हे उत्तर सरळ होतं. शिवाय सोयीचं होतं. हट्टापायी चालू राहिलेली चूक. ती मैदानाबरोबर भिंतीआड गेली तर कुणाचं काही जात नव्हतं. खोल्या होतील. तिला हलकं वाटायला हवं होतं. मग ते दोन-तीन दिवस मध्येच का टोचत होते? हट्टी माणूस आधी ऐकून मग फिरत नाही. तो ऐकतच नाही.

पौर्णिमेला सकाळी पंचशील झालं, खीर झाली, आणि ऊन कलल्यावर सामने सुरू झाले. पोलिसातला आला, रेल्वेतले दोघे आले, पोटं सुटलेली, टकलं पडलेली. आयटी पार्कातली पोरंही आली होती. एक नागपूरचा, एक ओडिशाचा, आणखी दोघं मराठी न येणारी. त्यांना खालची पाळी सांगितली तेव्हा ती हसू लागली. "अरे, ये कौनसा रूल है?" ओडिशाचा म्हणाला.

"झुकने का रूल है," पोलिसातला म्हणाला. "पेट अंदर, सिर नीचे. चल."

अर्ध्या तासानं तो ओडिशाचा पोरगा कुणी न सांगता वाकून पलीकडं जात होता, आणि जाता जाता रेल्वेतल्या टकल्याला टाळी देत होता.

कौशल्याबाई कडेला पाण्याच्या पिंपापाशी बसल्या होत्या. आयुष्यभर तिथंच बसायच्या. पेला भरायचा, द्यायचा, विसळायचा. शर्मिला शेजारी जाऊन बसली.

"आई, मी हिंमतकाकांना विचारलं. ते म्हणतात, पाळी बाबांनी हट्टानं चालू ठेवली."

कौशल्याबाईंनी पेला विसळला. "हट्ट? ह्यांचा?" त्या हसल्या तेव्हा त्यांचा खांदा हलला. "ह्यांना कुठला हट्ट यायला. ह्यांनी तर बंदच केली हुती. शहरातनं आलं ते तोंड पाडून. म्हणलं, चूक झाली, लोकं हसली, आता बंद. मी म्हणलं, खबरदार."

"तुम्ही?"

"मग? तू कधी नदीवरनं पाणी आणलंस का?"

शर्मिलानं नकारार्थी मान हलवली.

"आपल्या आडाला चैत्रातच तळ दिसायचा. मग नदी. ती काय आत्तासारखी घाण न्हवती, पण लांब. येताना चढ. डोक्यावर एक, कडंवर एक. आन हितं, ह्या मैदानाच्या उशाला, पाटलांची इहीर. गच्च भरल्याली. पण आपुन तिच्याकडं बघायचं बी न्हाई. खेळायला सुरुवात झाली तवा दोन माठ असायचे. त्या कडंला त्यांचा, त्यांचा गडी भरायचा. ह्या कडंला आपला, मी भरायची."

एक पोरगा आला. कौशल्याबाईंनी त्याला पाणी दिलं. तो जाईपर्यंत त्या थांबल्या.

"मग ही पाळी. हिकडचं तिकडं, तिकडचं हिकडं. तहान लागली की माणूस काय परत ह्या टोकाला यील? जवळचा माठ त्यो आपला. आधी चोरून प्याली. मग उघड प्याली. मग एका सुगीला त्यांचा गडीच आला न्हाई. माठ रिकामा. हिंमतभाऊ पलीकडनं वरडला, 'वैनी, हिरीवरनं घ्या की पाणी, कुठं नदीला जाताय!' खेळाच्या नादात वरडला. पण मी ऐकलं. आन गेले ना मी. घागर सोडली, वढली, भरली. वरडला तवा सगळ्यांच्या म्होरं वरडला, आता न्हाई म्हणायची सोय न्हवती."

"मग बाबा पाळी बंद करायला निघाले तेव्हा..."

"दोन-तीन दिस बंद बी झाली. लगीच दोन माठ परत आले बघ. मी ह्यांना म्हणलं, तुमचा नेम घाला चुलीत. त्यांचे सहा तिकडं आन तुमचे सहा हिकडं झाले, की मी परत नदीला. मला जमायचं न्हाई. पाळी चालू करा, न्हाईतर उद्यापास्नं पाणी तुमी आणा. गेले मुकाट्यानं."

शर्मिला मैदानाकडे बघत राहिली. जाळीखालून पोलिसातला चालला होता. त्याला वाकवत नव्हतं, तो चक्क रांगत होता आणि सगळे त्याला चिडवत होते. भिंतीच्या पलीकडे जिथं विहीर होती तिथं आता खड्ड्यातून लोखंडी सळया वर आल्या होत्या.

"हे कधी कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी इचारलं? सगळी वस्तादाला इचारायची." त्यांनी पिंपाची तोटी घट्ट केली. ठिबकत होती. "मी काय, पाणी देणारी."

संध्याकाळी पोरं पट्टीचं विचारायला पुन्हा आली. कौशल्याबाई खिरीचं पातेलं घासत राहिल्या, चांगलं स्वच्छ झाल्यावरही घासत राहिल्या. पोरं निघून गेली.

सकाळी माउली गवंडी आला. यवतमाळकडचा, तिकडचं शेत भावाला देऊन इथं बांधकामावर लागलेला. दोरी, कोन तपासायचा गुण्या, पांढऱ्या फक्कीची पाटी त्यानं मागच्या पट्टीवर ठेवली.

"बाई, कुठून धरू पाया? सांगा मले."

शर्मिला टेप घेऊन पुढं झाली. तेवढ्यात मागच्या दारातून कौशल्याबाई आल्या. त्यांच्या दोन्ही हातांवर मैदानावरची जाळी होती, रात्री कुणीतरी उतरवून ओट्यावर टाकलेली.

"आधी ही मावती का बघा," त्या म्हणाल्या.

प्रज्ञेश दात घासत उभा होता. त्याचा हात तोंडातच थांबला. त्यानं आईकडे पाहिलं नाही, शर्मिलाकडे पाहिलं.

शर्मिलाला कळलं की आपण विचारलं नसतं तर आज इथं खोल्यांचा पाया आखला गेला असता. खोली तिनं स्वतःच्या तोंडानं घालवली होती. पण अजून गेली नव्हती. टेप तिच्याच हातात होती. पट्टी किती रुंद आहे हे ह्या घरात कुणालाच नेमकं माहीत नव्हतं.

"धर," ती प्रज्ञेशला म्हणाली. त्यानं चूळ भरली आणि टोक शेजारच्या कुंपणाशी धरलं. ती मागं मागं येत घराच्या भिंतीला टेकली. मैदानाला रुंदी नऊ मीटर लागते. टेपवर नऊच्या पुढं थोडी जागा उरत होती. फार नाही. अंगठा जरा पुढं सरकवला, भिंतीपासून चार बोटं अलीकडेच माप वाचलं, तर नऊ भरत नव्हते. कुणी तपासणार नव्हतं. माउली बिडी पेटवत होता.

तिनं टेप ताणली.

"बसतं," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. मग तिनं लांबी घेतली. तीही बसत होती, काठावर.

माउलीनं दोरी लावून फक्की मारायला घेतली. चौकोन झाला. मधली रेघ ओढली. रेघेच्या टोकाला, चौकोनाच्या बाहेर, खांब यायचा. कुंपणाकडच्या बाजूला जागा होती. घराकडच्या बाजूला शर्मिलानं माप धरलं आणि ती थांबली. तिथं, घराचा कोपरा संपल्यावर भिंतीच्याच रेषेत, न्हाणी होती. तीन बाजूंना पत्रा, चौथ्या बाजूला गोणपाट.

"इथं नाही होणार," ती म्हणाली, आणि छातीतला श्वास आपोआप सुटला. "न्हाणी आड येते. खांब बरोबर तिच्या मधोमध येतोय."

प्रज्ञेशनं येऊन पाहिलं. माउलीनंही पाहिलं. "हो जी," तो म्हणाला, "एकदम मधात."

कौशल्याबाईंनी जाळी खाली ठेवली. न्हाणीत गेल्या, गोणपाट बाजूला सारलं, आतली बादली, तांब्या आणि साबणाची वडी घेऊन बाहेर आल्या.

"हलवा न्हाणी," त्या म्हणाल्या.

माउलीनं शर्मिलाकडे पाहिलं. प्रज्ञेशनं पाहिलं. सासूबाई बादली हातात धरून तिच्याच उत्तरासाठी उभ्या होत्या. आणि त्यांना असं उभं राहिलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

"हलवा," शर्मिला म्हणाली. "पण नवी विटांची बांधायची. आणि तिला दार लावायचं. लाकडी. आतून कडी असलेलं."

"लावू की," कौशल्याबाई म्हणाल्या. "मला बी उभ्या जन्मात कुठं हुतं." आणि माउलीला म्हणाल्या, "घे रे पहार. काढ तो पत्रा."